दहा दिवसांचे मोड

१

गठ्ठा फुटला तेव्हा मी अंगणातच उभी होते, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझा. नंतर थोंगचौच्या बाजारात ज्यांनी ज्यांनी ती तिखटमीठ लावून सांगितली, त्यातले निम्मे त्या दिवशी गावातही नव्हते.

दक्षिणेच्या भट्ट्यांतली पांढरी, पातळ भांडी कालव्याने आमच्याकडे येतात. कालवा इथे संपतो. पुढे उत्तरेच्या कुरणांपर्यंत महिनाभर बैलगाडीचा रस्ता, आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे. तिथवर पेला सुखरूप पोचवायचा तर नुसतं गवत भरून भागत नाही. आमचे लोक दर दोन पेल्यांमध्ये मूठभर रेताड माती घालतात, तिच्यात मूग आणि गहू पेरतात. असे वीस पेले एकावर एक चढवून बांबूच्या कामट्या आणि गवताची दोरी आवळतात आणि गठ्ठा ओल्या कोठीत ठेवतात. रोज तीनदा पाणी शिंपडायचं. दहा दिवसांत मुळं एकमेकांत अशी गुंततात, की वीस पेल्यांचा एक धोंडा होतो. मग गिऱ्हाइकासमोर तो खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा. आतून काही वाजलं नाही तर गाडीवर चढवायचा.

माझे थोरले दीर मेंग भाऊजी, त्यांचा गठ्ठा चाळीस वर्षांत एकदाही वाजला नव्हता. त्या दिवशी तो मधोमध दुभंगला.

दहा पेले एकीकडे गेले, नऊ दुसरीकडे, आणि उरलेला एक घरंगळत एर्देनी शेठच्या बुटापाशी जाऊन थांबला. एर्देनी म्हणजे कुरणांतला मंगोल सौदागर. या गठ्ठ्याच्या पोटात त्याने त्याच्या सरदाराच्या लेकीसाठी लग्नाची भेट ठेवायला दिली होती. लाल माशाचा जुना पेला, कागदाइतका पातळ, हात मागे धरला तर बोटं दिसावीत असा. बुटापाशी पडला होता तो निळ्या काठाचा जाडाभरडा पेला. गोदामातले हमाल चहा पितात तसला.

एर्देनीने तो उचलला, उलटा करून पाहिला आणि त्याच्या भाषेत काहीतरी हळू आवाजात बोलला. दुभाष्या हाओने घसा साफ केला.

"शेठ विचारतायत, गठ्ठा कुणी बांधला?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"पेला मधे कुणी ठेवला?"

"मीच. त्यांच्यासमोर."

"आणि ही गाठ?"

भाऊजींनी तुटलेली दोरी हातात घेऊन निरखून पाहिली. मी मनात म्हणत होते, आता तरी खोटं बोला हो. पण तो माणूस कसला बोलतोय!

"गाठ माझीच दिसते," ते म्हणाले.

गोदामाचे मालक थान कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "मेंग काका, तुम्ही मला कडेवर खेळवलंय," ते म्हणाले. "पण माझ्या गोदामाचं नाव गेलं तर उद्या इथे कोण माल उतरवेल? कचेरीत कळवावंच लागेल."

त्यांनी माणूस पाठवला. शिपाई दुपारपर्यंत येणार होते. चोरी कबूल करवून घ्यायला कचेरीत आधी चाळीस फटके देतात, विचारपूस मागाहून. भाऊजी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

२

माझा नवरा पुरात गेला त्या वर्षी सासरच्यांनी मला एका म्हाताऱ्या दाणेवाल्याला विकायचं ठरवलं होतं. गाडी दारात उभी होती. थोरले भाऊजी त्या गाडीच्या चाकापुढे आडवे झाले आणि म्हणाले, आधी मला चिरडा. मग त्यांनी मला थोंगचौला आणलं, गोदामाच्या अंगणात एक खोली दिली आणि मुगाला मोड आणून विकायला शिकवलं. बावीस वर्षं मी तेच करते आहे. त्या माणसाला फळ्यांवर उपडं पाडून मारणार आणि मी बघत राहणार? मेले तरी नाही!

"शिपाई येईपर्यंत हा गठ्ठा मला बघू द्या," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही काय बघणार?" थान मालक थकल्यासारखे म्हणाले.

"मोड बघणार. दुसरं मला काय येतं?"

एर्देनीने मान डोलावली. मी फरशीवर बसकण मारली.

वरवर सगळे मोड सारखेच होते, बोट बोट उंचीचे, अंधारातल्यासारखे फिकट पिवळे. पण दहाव्या पेल्याच्या बुडाशी हात घातला, तिथे मुळं वेगळी लागली. मुळं आपटल्याने तुटली की त्यांच्या शेंड्यांना फाटके दोरे लोंबतात. ही मुळं सरळ रेषेत कापलेली होती. कुणीतरी गठ्ठ्याच्या पोटात सुरी घातली होती.

मग मी खालच्या पेल्यातला एक मूग उपटला आणि दुसरा त्या जाड्या पेल्याभोवतीचा. दोन्ही तळव्यावर ठेवून एर्देनीपुढे धरले.

"हा बघा शेठ. याची डाळ सुकून चिपाड झालीय, दाण्यातलं होतं नव्हतं ते सगळं खाऊन संपलं. मुळाला सतरा फाटे आहेत. हा दहा दिवसांचा. आणि हा दुसरा उंचीला तेवढाच, पण दाणा अजून गुबगुबीत आहे, टरफल डोक्यावर तसंच. खाली मूळ एकच, लांबडं आणि पांगळं. याने कशाला धरूनच ठेवलं नव्हतं, म्हणून गठ्ठा दुभंगला."

हाओने भाषांतराला तोंड उघडलं, पण एर्देनीने हात वर करून त्याला थांबवलं. जन्मभर गवत बघत आलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. त्याने तीन बोटं दाखवली.

"बरोबर," मी म्हणाले. "फार तर तीन दिवसांचा. म्हणजे पेला पहिल्या दिवशी गेलाच नाही. तीन दिवसांपूर्वी गठ्ठा उघडला, पेला काढला, नवे मूग घालून पुन्हा बांधला. तीन दिवसांपूर्वी भाऊजी गावी होते, पितरांची थडगी झाडायला."

भाऊजींनी पहिल्यांदाच मान वर केली. 

"गावी गेले होते, हे खरं," थान मालक म्हणाले. "पण गाव चार कोसांवर. माणूस संध्याकाळी येऊन पहाटे परत जाऊ शकतो. शपथेवर कोण सांगेल?"

हाओही पुटपुटला, "आणि वहिनी, माझी एक शंका. कोठी तर बर्फासारखी गार आहे. तीन दिवसांत मूग एवढे वाढले कसे?"

याचं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि रस्त्यावरून कुणीतरी ओरडत आलं, शिपाई पुलापर्यंत पोचले.

३

पुलापासून गोदाम म्हणजे चहाचे दोन पेले होतील एवढाच वेळ. मी आधी पाणक्या खोंगला गाठलं. तो कोठीच्या दारात बादली उपडी घालून बसला होता.

"खोंग, थडग्यांच्या सणाचे दोन दिवस तू कुठे होतास?"

"आमच्या थडग्यांवर. सगळेच गेले होते की! जाताना दुप्पट पाणी मारून गेलो." तो चिडला होता. "किल्ली गोदामाच्या पेढीतल्या खिळ्याला असते, अख्ख्या अंगणाला माहीत आहे. मला काय विचारता?"

"ओरडू नकोस. परत आलास तेव्हा कोठीत काही वेगळं दिसलं का?"

तो जरा घुटमळला. "हसाल तुम्ही. एर्देनी शेठच्या गठ्ठ्याची दोरी कोरडी होती. नुसती कोरडी नाही, कुरकुरीत. बाकी सगळे गठ्ठे चिंब. मला वाटलं, जाताना हाच एक राहिला माझ्याकडून. घाबरून त्याच्यावर दोन डबडी जास्त ओतली आणि कुणाला बोललो नाही."

ओल्या कोठीत गवताची दोरी दोन दिवसांत कुरकुरीत होत नाही. ते दोन दिवस गठ्ठा कोठीत नव्हताच. तो कुठेतरी उबेला होता. चोराला घाई होती, नवे मूग जुन्यांच्या उंचीला आणायचे होते, म्हणून त्याने ऊब दिली. उबेने मोड सरासर चढतात, हे कुणालाही माहीत असतं. मुळं मात्र जाळी धरायला त्यांचे दहा दिवस घेतातच, हे मोड विकणारीलाच माहीत.

पण ऊब आणली कुठून? त्यातला पहिला दिवस थंड अन्नाचा होता. एरवी आता कोण तो एवढा पाळतं! पण थान मालकांचं घराणं शान्शी प्रांतातलं. त्या दिवशी त्यांच्या अंगणात एकही चूल पेटू देत नाहीत, आणि थडग्यांचा दिवस उलटेपर्यंत राखेला हात लावू देत नाहीत. आदल्या दिवशीच्या खजुराच्या पोळ्या आणि गार भात. माझ्या मडक्यांतले मूग त्या दोन दिवसांत थंडीने जागच्या जागी थिजले, गिऱ्हाइकं शिव्या देऊन परत गेली. एरवी या अंगणात दहा खोल्यांचे कांग गरम असतात. विटांचा तो ओटा खालून तापला की त्यावर माणसं झोपतात, पीठ फुगतं, मोडही वाढतात. पण त्या दोन रात्री?

हाओ माझ्यामागे येऊन उभा होता. त्यालाच विचारलं.

"तू तर इथेच होतास. तुझ्या पितरांची थडगी दूर."

"इथेच होतो, आणि मरत होतो!" तो म्हणाला. "गाडीत दोन कातडी पांघरून झोपलो, दात वाजत होते. शेवटी थान मालकांच्या दारावर गेलो. आजींचा कांग तेवढा पेटलेला, मालकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं की आई आजारी आहे, तिच्यापुरती सूट. म्हटलं, घटकाभर हात शेकतो. तर मालकांनी दार बोटभर उघडलं आणि लावून घेतलं. आई झोपलीय म्हणे. एरवी तो माणूस भिकाऱ्यालाही आत घेतो."

मी भाऊजींकडे धावले. हमालांनी त्यांचे हात आता मागे बांधले होते. त्यांनी बांधलेली गाठ जन्मभर दुसऱ्यांचा माल राखायची, आणि त्यांचेच हात असे.

"भाऊजी, तुमची गाठ अजून कुणाला येते?"

"तुझ्या नवऱ्याला यायची."

"ते गेले. जिवंतांपैकी?"

त्यांनी मान फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूयुन, सोडून दे. सात-आठ वर्षांचं पोर होतं तेव्हा. दिवसभर माझ्यापाशी बसायचं. खेळ म्हणून शिकवली."

फाटकावर शिपायांच्या काठ्या वाजल्या.

४

थान आजींच्या खोलीत मी परवानगी न विचारता शिरले. त्यांना धड दिसत नव्हतं, ऐकूही कमीच यायचं. त्या कांगवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेले, तेव्हा माझ्या कपड्यांचा वास घेऊन त्यांनी मला ओळखलं.

"मोडवाली का गं? ये पोरी, बस. गरम आहे."

"आजी, बरं वाटतंय का?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"बरं कसलं! माझं पांघरूण भिजलंय अजून. त्या सणाच्या दिवशी माझ्या चोंग्याओने पायाशी कसली ती ओली उशी आणून ठेवली. म्हणे औषधाची आहे, पाय शेकतील. दोन रात्री ठेवली. शेक कसला, चिखलाचा वास येत होता नुसता! हात लावू देईना. मी म्हटलं, नेऊन टाक मेल्या तुझं औषध."

वीस पेल्यांचा गठ्ठा उशीएवढाच असतो.

बोलता बोलता आजींनी शेजारचा पेला उचलला आणि काढ्याचा घोट घेतला. खिडकीचा उजेड त्या पेल्यातून आरपार आला. त्यांची म्हातारी बोटं पलीकडून दिसत होती, आणि बोटांमध्ये एक लाल मासा.

"बघितलास?" त्यांनी पेला माझ्या तोंडासमोर धरला. "माझ्या बाबांचा आहे. ते भट्टीवर मासे काढायचे, मी त्यांना रंग घोटून द्यायची. लग्न होऊन इकडे आले ती परत माहेर बघितलं नाही. हिवाळ्यापासून याच्या मागे लागले होते, मरायच्या आधी एकदा बाबांचा पेला हातात दे. दिला बघ शोधून. शेपटीला बोट लाव. शेवटचा फटकारा वर उचलायचे ते. दुसऱ्या कुणाला यायचा नाही."

दार मागून लागलं. थान मालक आत उभे होते.

५

ते आईसमोर एका शब्दाने ओरडले नाहीत. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"वहिनी, वैद्याने चार-आठ दिवस सांगितलेत. तेवढे थांबा. ती गेली की मी स्वतः कचेरीत जातो."

"आणि भाऊजी?"

"त्यांना मी सोडवतो. उद्याच. ओळखी आहेत माझ्या."

"उद्या? फटके आज पडतात, मालक."

"मला वाटलं होतं गठ्ठा टिकेल. कुरणात उघडेपर्यंत महिना गेला असता, दोष रस्त्याला गेला असता. मेंग काकांना काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. तुमची शपथ."

"नव्हतं ना? मग मघाशी अंगणात तोंड का उघडलं नाहीत? उलट शंका काढलीत, गाव चार कोसांवर आहे म्हणून! ज्याने गाठ शिकवली त्याच्याच गळ्यात ती घातलीत तुम्ही."

ते रडायला लागले. मोठा माणूस, पन्नाशीचा. आई शेजारी बसून पेल्यातला काढा फुंकर घालून पीत होती. खरं सांगते, मला त्यांची दया आली. माझ्या आईने मरताना काही मागितलं असतं तर मीही कुठे सुरी घातली असती कुणास ठाऊक. क्षणभर वाटलं, चार दिवस, फक्त चार दिवस.

तेवढ्यात बाहेर शिपायाचा आवाज आला, "चल रे म्हाताऱ्या," आणि भाऊजी ठेचकाळल्याचा आवाज. ते विव्हळले नाहीत, पण त्यांचं ठेचकाळणं मी बावीस वर्षं ऐकत आले होते.

मी दार उघडलं आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडले.

मग सगळं चटकन झालं. एर्देनी उंबऱ्यात आला, खिडकीच्या उजेडात पेला पाहिला आणि तिथेच थांबला. थान मालकांनी कबुली द्यायला एका फटक्याचीही वाट पाहिली नाही. पायाशी ठेवलेल्या गठ्ठ्यापासून सगळं सांगितलं. शिपायांनी भाऊजींच्या हातांची दोरी सोडून मालकांच्या हातांना बांधली. भाऊजी म्हणाले, "जरा सैल बांधा हो, त्याचं मनगट लहानपणी मोडलेलं आहे." मला त्यांचा असा राग आला!

पेला आजींच्या हातातून मीच घेतला. "धुऊन आणते," म्हणाले.

"सांभाळून हो," त्या म्हणाल्या. "काठ तेवढा नाजूक आहे."

एर्देनी दहा दिवस थांबला. भाऊजींची मनगटं सुजली होती, म्हणून ते सांगत गेले आणि मी माती भरली, मूग पेरले, दोरी आवळली. अकराव्या सकाळी त्याने गठ्ठा स्वतः आपटला, कान लावला आणि गाडीवर चढवला.

त्या दहा दिवसांत रोज सकाळी मी आजींचा कांग पेटवायला जात होते. दुसरं कोण जाणार? नोकर पळाले, हमालांनी तोंड फिरवलं. पेल्याचं त्या रोज विचारायच्या, मी रोज म्हणायची, वाळत ठेवलाय. मुलाचं त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते गाडी गेली त्या दिवशी.

"चोंग्याओ दिसत नाही गं बरेच दिवस."

मी तोंडाची फटकळ. कुणाला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोलले नाही. त्यांच्या कानाशी वाकले.

"दक्षिणेला गेलाय, आजी. तुमच्या माहेरी. तुमच्या बाबांचे अजून पेले मिळतात का बघायला."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला मान खाली घालावी लागली.

"वेडा आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबचा रस्ता. पोरी, कुणी तिकडे जाणारं भेटलं तर निरोप दे त्याला. म्हणावं, मेंगच्या हाताने बांधून घे, तू बांधू नकोस. तुझं बांधलेलं टिकत नाही."

"सांगते," मी म्हणाले, आणि कांगखाली अजून दोन काटक्या सारल्या.